हाताने लिहिलेली पोलादपूरची वाट

श्रावणातला पहिला शनिवार, दुपारी अडीच. ठिकाण महाड, आमच्या घराची तळमजल्यावरची पुढची खोली. हजर: माझे वडील, ज्यांना सगळं गाव भाऊ म्हणायचं, आमचं पोलादपूरचं काम बघणारा युनूस, मी, आणि आई. आई खोलीत आली नव्हती, आतल्या दारात हात पुसत उभी होती, पण तिने सगळं ऐकलं, म्हणून तिलाही हजर धरलं आहे. विषय: पोलादपूरचं इंटरनेट दर शुक्रवारी दुपारी बंद का पडतं. भाऊंनी मला तोंडी सांगितलेला विषय जरा वेगळा होता. कोण बंद पाडतं, असा तो होता. लिहिताना मी ‘का’ लिहिलं, कारण युनूस समोर बसला होता आणि माझी वही त्याला दिसत होती.

मी तेव्हा वीस वर्षांची होते. पनवेलला मावशीकडे राहून नेटवर्किंगचा सहा महिन्यांचा कोर्स करून आले होते आणि घरात राउटर कळणारी एकटी मीच होते. भाऊंचा मूळ धंदा केबल टीव्हीचा. इंटरनेटची मागणी आली तेव्हा त्यांनी मुंबईकडून येणारी एक मोठी लाइन घेतली, ती आमच्या घरात उतरवली आणि तिथून डिश अँटेना लावून आणखी दोन ठिकाणी पोचवली. एक बिरवाडी, जिथे कारखान्यांतली माणसं खोल्या घेऊन राहतात आणि सुट्टीच्या दिवशी सायबर कॅफेबाहेर रांग लावायची. दुसरं पोलादपूर. ते महाडहून सरळ दिसत नाही, म्हणून मधल्या डोंगरावरच्या एका वाडीत खांब उभा करून सिग्नल तिथून पुढे फेकला होता. बिरवाडी आणि पोलादपूर यांच्यातही एक जोडणी होती. ती कमी ताकदीची होती आणि भाऊ तिच्याबद्दल ‘असू दे’ एवढंच म्हणायचे. तीन गावं, तीन राउटर, तीन रेघा. कागदावर काढलं की तिरका त्रिकोण व्हायचा.

पुढच्या खोलीत पूर्वी पाहुणे बसायचे. आता तिथे लोखंडी मांडणी आली होती आणि पाहुणे ओटीवर गेले होते. मांडणीवर राउटर, खाली यूपीएस, वर भिंतीला माझा त्रिकोणाचा कागद. दिवसभर पंख्यांची घुंघूं चालू असायची. पहिल्या आठवड्यात तिचा त्रास झाला, पुढे ती थांबली तरच आम्ही दचकायचो. वीज गेली की यूपीएस टीं टीं करू लागे आणि आई स्वयंपाकघरातून ओरडायची, “मंगल, तुझं पोर रडतंय गं!” आईने त्या यूपीएसचा आणखी एक उपयोग शोधला होता. त्याची पाठ कायम कोमट असायची, म्हणून भिजवलेल्या वालांचं ओलं फडकं ती त्यावर ठेवायची. पावसाळ्यात वालांना इतके लांब आणि सरळ मोड गल्लीत कोणाच्याच घरी येत नसत. ओलं फडकं विजेच्या यंत्रावर ठेवू नये, हे मी तिला किती वेळा सांगितलं याची नोंद मात्र मी ठेवली नाही. बिरडं उत्तम व्हायचं, म्हणून असेल.

राउटरचं काम अवघड नाही. आलेला माल, म्हणजे तारेतून येणारी माहिती, कुठल्या दाराने बाहेर काढायचा, एवढंच तो ठरवतो. ते त्याला दोन प्रकारे सांगता येतं. पहिला प्रकार, आपण स्वतः ओळ लिहायची: पोलादपूरचा माल या दाराने. दुसरा प्रकार, राउटरांना आपसात बोलू द्यायचं. मग प्रत्येक राउटर दर अर्ध्या मिनिटाने शेजाऱ्याला सांगतो की माझ्याकडून अमुक ठिकाणी जाता येतं, आणि एक रस्ता तुटला की ते आपणहून दुसरा धरतात. आमच्याकडे पहिला प्रकार होता. सगळ्या ओळी मी लिहिल्या होत्या, वहीत उतरवल्या होत्या, प्रत्येकीपुढे तारीख आणि सही होती. भाऊंना हे फार आवडायचं. ते कोणालाही वही उघडून दाखवायचे. “हिच्या परवानगीशिवाय आमच्याकडे एक अक्षर इकडचं तिकडे जात नाही,” असं म्हणायचे. मला त्याचा अभिमान वाटायचा, हे इथेच लिहून टाकते.

युनूस पोलादपूरचाच. माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठा. चार वर्षं आखातात केबल टाकायचं काम करून परत आला होता, आईला बरं नसतं म्हणून. त्याने आमचं काम धरलं तेव्हा पोलादपूरच्या तक्रारी निम्म्यावर आल्या, आणि तरी, किंवा त्यामुळेच, मला तो पहिल्यापासून खटकायचा. मी शिकून आले होते आणि तो काम करून आला होता. महिन्यातून एकदा तो एसटीच्या कंडक्टरकडे स्टीलचा डबा द्यायचा. त्यात त्याच्या आईने केलेली सांदणं असायची, मऊ, नारळाच्या दुधाच्या वासाची. आई तो डबा कधी रिकामा पाठवत नसे. मोड आलेले वाल, नाही तर अळूवड्यांचे उंडे भरून तो परत जायचा.

पहिल्यांदा महाडला आला तेव्हा भिंतीवरचा त्रिकोण बघून तो हसला.

“मंगल, तू तं नाक्यानाक्यावर पाट्या ठोकल्यास गो.”

“मग? पाटी असली की माणूस चुकत नाही.”

“आंबेनळी घाटात दरड आली तं ड्रायव्हर काय पाटी वाचत बसतो? समोरून येनाऱ्याला हात करतो, इचारतो, नि गाडी वळवतो. राउटरला पन तसं इचारू दे की. डोंगरावरचा खांब गेला तं बिरवाडीवरून वळंल तो.”

“आणि समोरचा खोटं बोलला तर?”

“मग त्याच्या गाडीत बसू नको,” तो म्हणाला, आणि भाऊसुद्धा हसले.

आज वाटतं, माझा तो प्रश्न राउटरबद्दल नव्हताच.

दोन महिने तो मागे लागला. शेवटी भाऊ म्हणाले, करून बघा. एका बुधवारी सकाळी आम्ही फोनवर बसलो, तो पोलादपूरला, मी महाडला. बिरवाडीचं मी इथूनच करत होते. तिन्ही राउटरांवर आपसात बोलण्याची सोय चालू केली. मग जुन्या, हाताने लिहिलेल्या ओळी काढायच्या होत्या. हे महत्त्वाचं होतं, कारण हाताने लिहिलेली ओळ असेल तर राउटर तिच्यापुढे शेजाऱ्याचं ऐकत नाही. मालकाने सांगितलंय म्हणजे तेच खरं, असा त्याचा स्वभाव. युनूसने त्याच्याकडच्या काढल्या. मी बिरवाडीच्या काढल्या. महाडच्या एकेक काढत आले आणि शेवटच्या ओळीवर थांबले. पोलादपूरचा माल डोंगरावरच्या खांबाकडे, अशी ती ओळ होती. सगळ्यात आधी लिहिलेली. मनात आलं, उद्या याच्या या बोलक्या राउटरांनी घोळ घातला तर निदान एक रस्ता आपल्या हातात असावा. घराला कुलूप लावून वर आतून कडीही घालावी, तसं.

“मंगल, समद्या काढल्यास ना?” फोनवरून आवाज आला.

“काढल्या,” मी म्हटलं.

आषाढात पोलादपूर बंद पडू लागलं. शुक्रवारी दुपारी दीडच्या पुढेमागे जायचं, साडेचार-पाचला आपोआप यायचं. पहिल्या खेपेला आम्ही पावसावर ढकललं. दुसऱ्या शुक्रवारीही तेच झालं तेव्हा मी वहीत नवीन पान काढलं. चार रकाने: तारीख, बंद झाल्याची वेळ, चालू झाल्याची वेळ, युनूस कुठे होता. चौथा रकाना भाऊंनी सुचवला असं मला बरीच वर्षं वाटायचं. मध्यंतरी ते पान पाहिलं. अक्षर माझं आहे, चारही रकान्यांची शाई एकच आहे. भाऊ त्या दिवशी माणगावला होते, हेही वरच्या कोपऱ्यात मीच लिहिलेलं आहे.

चौथ्या रकान्यात दर खेपेला एकच उत्तर येत होतं. दीडला युनूस ऑफिसला कुलूप लावून नमाजाला जायचा. तो गेला की पोलादपूर जायचं. मी महाडहून पोलादपूरच्या राउटरला हाक मारायची, म्हणजे चालू आहेस का असा निरोप धाडायची, उत्तर नाही. पाच वेळा, दहा वेळा, उत्तर नाही. बिरवाडी मात्र ठणठणीत. आता तर रस्ते आपोआप वळायची सोय होती. खांब पडला असता तर माल बिरवाडीवरून गेला असता. तरीही राउटर उत्तर देत नाही, याचा अर्थ माझ्या लेखी एकच होता. राउटरच बंद केलेला आहे, आणि ऑफिसची किल्ली एकाच माणसाकडे आहे.

युनूस परत आला की फोन करायचा. “माझ्याकडून जातंय गो, तुमच्याकडून येत नाय. माझा राउटर बिरवाडीचा रस्ता दाखवतोय. तू तुझ्याकडं बघ.” मला यात अंग काढून घेणाऱ्या माणसाचा आवाज ऐकू यायचा. त्यातच कोणीतरी भाऊंना सांगितलं की तो पोलादपूरच्या दुसऱ्या केबलवाल्याबरोबर एसटी स्टँडवर चहा पिताना दिसला. तो केबलवाला इंटरनेट सुरू करणार अशी बोलवा होतीच. मग सगळं जुळायला लागलं. तो मागे का लागला होता, रस्ते बदलायची एवढी घाई का होती, डबे कशासाठी पाठवत होता. डब्याचं मी आईपुढे बोलले, तेव्हा ती भांडी घासत होती. “सांदणं खाताना नाही आठवलं ते?” एवढंच म्हणाली आणि नळ मोठा केला.

अशा तऱ्हेने श्रावणातल्या त्या शनिवारी आम्ही बसलो. भाऊंनी मला वाचायला सांगितलं. मी चार शुक्रवार वाचले, वेळांसकट. युनूस ऐकत होता. चौथा रकाना वाचला तेव्हा त्याने मान वर केली.

“मी नमाजाला जातो ते लिवलंय तुनी?”

“वेळ लिहिली आहे,” मी म्हटलं.

“भाऊ, मी राउटर बंद करून जातो असं तुमाला वाटतंय?”

“मला काय वाटतं ते सोड. तू गेलास की बंद, तू आलास की थोड्या वेळाने चालू. तूच सांग.”

“मी आल्यावर तासभर तरी बंदच असतो तो. तिच्या वहीत बघा ना.” वहीत तसंच होतं. कोणी पाहिलं नाही. तो माझ्याकडे वळला. “मंगल, महाडच्या राउटरवर एखादी जुनी ओळ राहिलीय का?”

“नाही.”

“एकदा दाव की मला. यंत्र तं हितंच हाय.”

राउटर त्याच्या खांद्यापासून दोन हातांवर घुंघूं करत होता. मी भाऊंकडे पाहिलं. भाऊ म्हणाले, “तिने नाही म्हणून सांगितलं ना? तिची एकेक ओळ लिहिलेली असते. पुढचा मुद्दा घे गं.”

त्या क्षणी मला ती ओळ आठवत होती का? हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारला आहे. आठवत होती. ती असल्याने काही बिघडत असेल असं मात्र मला वाटत नव्हतं, कारण ती माझी होती. आणि त्याने पडद्यावर ती पाहिली असती तर बुधवारचं ‘काढल्या’ खोटं ठरलं असतं. मी पुढचा मुद्दा घेतला. पुढचा मुद्दा एसटी स्टँडवरचा चहा हा होता.

चहाचा मुद्दा ऐकून युनूस उठला. खिशातून पोलादपूरच्या ऑफिसची किल्ली काढली आणि मांडणीवर ठेवली. आईकडे बघून म्हणाला, “चाची, येतो.” आई म्हणाली, “जेवून जा रे, बिरडं झालंय.” तो थांबला नाही. तो फाटकाबाहेर गेल्यावर आई पहिल्यांदा खोलीत आली.

“तू नीट बघितलंस ना मंगल?”

“बघितलं गं!”

तिने माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. पुन्हा कधी विचारलं नाही, पण त्यानंतर माझ्या कुठल्याही हिशोबी गोष्टीवर, अगदी दुधाच्या रतिबावरसुद्धा, ती एकदा स्वतः नजर टाकायची.

पुढच्या शुक्रवारी मी बिरवाडीला होते. तिथल्या खोलीतली धूळ झाडायची आणि बॅटरीचं पाणी बघायचं, अशी दोन कामं होती. शेजारच्या खोलीत रात्रपाळीहून आलेली माणसं झोपली होती, म्हणून मी पंखा न लावता काम करत होते. पावणेदोनला भाऊंचा फोन आला. “पोलादपूर परत गेलं.” युनूसच्या जागी ठेवलेल्या नवीन माणसाला त्यांनी खुर्चीवरून उठायचं नाही अशी ताकीद दिली होती. तो बिचारा फोनवर शपथा घेत होता की राउटर चालू हाय, दिवे लुकलुकतायत. “हाही तसलाच निघाला,” भाऊ म्हणाले. “पोलादपूरचं पाणीच तसलं.”

मी सवयीने पोलादपूरच्या राउटरला हाक मारली. या वेळी बिरवाडीहून. त्याने लगेच उत्तर दिलं.

मी हात पुसले आणि परत मारली. पुन्हा उत्तर. आत शिरून त्याची रस्त्यांची यादी काढली. महाडचा सरळ रस्ता गेलेला, त्या जागी बिरवाडीवरून नवा रस्ता, शेजाऱ्याने सांगितलेला. सगळं युनूस म्हणत होता तसंच. मग तिथूनच महाडच्या राउटरची यादी उघडली. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एक अक्षर असतं. शेजाऱ्याकडून कळलेल्या ओळींपुढे आर, हाताने लिहिलेल्यांपुढे एस. गावांच्या सगळ्या ओळी आर होत्या आणि त्यांच्या मधोमध एकच एस उभा होता. पोलादपूरचा माल डोंगराकडे. खांब मेला होता, पण आमच्या छतावरच्या अँटेनापर्यंतची वायर जिवंत होती, म्हणून महाडच्या राउटरला दार उघडंच दिसत होतं. पोलादपूरहून माल बिरवाडीमार्गे नीट येत होता आणि त्याचं उत्तर महाड दर शुक्रवारी इमानाने डोंगरावर नेऊन टाकत होतं. माझ्या हाकाही तिकडेच जात होत्या.

ती ओळ मी काढली. अर्ध्या मिनिटाच्या आत तिच्या जागी आर आला. भाऊंचा फोन आला. “आलं! काय केलंस गं?”

“नीट केलं.”

“त्यानेच जाताना काहीतरी करून ठेवलं असणार. पासवर्ड सगळे बदलून टाक.”

मी ‘हं’ म्हटलं. आणि पासवर्ड बदलले, तिन्ही ठिकाणचे. पुढे डोंगरावर माणूस पाठवला तेव्हा कळलं, त्या बाजूची वीज दुरुस्तीसाठी दर शुक्रवारी दुपारी बंद ठेवत होते आणि खांबाची बॅटरी जेमतेम अर्धा तास टिकत होती. भाऊंनी नवीन बॅटरी टाकली. वीज आणि युनूस यांचा संबंध त्यांनी जोडला नाही. मी तो जोडून दिला नाही.

युनूस दिवाळीच्या आत परत आखातात गेला, आईला बहिणीकडे ठेवून. पोलादपुरात त्याला दुसरं काम मिळालं नाही. आमच्या खोलीत काय झालं ते तोवर स्टँडवर पोचलं होतं, आणि दुसरा केबलवालाही म्हणाला म्हणे, एकाचं बंद पाडतो तो आपलं कशावरून पाडणार नाही. त्याची आई पुढच्या उन्हाळ्यात गेली. तो तेव्हा इथे नव्हता.

आता तो परत आला आहे. पोलादपूरला कॅमेरे आणि राउटर विकण्याचं दुकान आहे, पाटीवर मुलाचं नाव. मागच्या महिन्यात मी मुद्दाम गेले. काय बोलायचं ते चार मुद्द्यांत लिहून नेलं होतं. त्याने मला ओळखलं, हे मी शपथेवर सांगू शकते. चष्मा कपाळावर सरकवून तो म्हणाला, “बोला मॅडम, काय पायजे?” एकेकाळी हा माणूस मला गो म्हणत होता. मी म्हटलं, घरासाठी छोटा राउटर दाखवा. त्याने दोन दाखवले, फरक सांगितला, मी एक घेतला. “लावायला मानूस पाठवू, की तुमचं तुमीच करता?” त्याने विचारलं. मी म्हटलं, माझं मी करते. त्याने पिशवी पुढे केली आणि मागच्या गिऱ्हाईकाकडे पाहिलं.

भाऊ पंचाऐंशीचे आहेत. परवा फायबरची वायर टाकायला दोन माणसं आली होती. चहा पिता पिता भाऊंनी त्यांना विचारलं, “कुठले रे तुम्ही?” एक जण म्हणाला, “पोलादपूर.” भाऊ हसले आणि सांगू लागले, आमच्याकडेही पोलादपूरचा एक होता, शुक्रवारी दुपारी राउटर बंद करून जायचा, पण आमच्या मंगलने त्याला बरोबर पकडला. मी ट्रे घेऊन आत गेले. आई असती तर ट्रे तिने माझ्या हातून काढून घेतला असता आणि मला तिथेच थांबवलं असतं.

आधी भाऊंना सांगायचं आणि मग पोलादपूरला जायचं, की आधी युनूसला सांगून त्याला विचारूनच भाऊंकडे यायचं, हे मी अजून ठरवते आहे. भाऊ आत्ता ओटीवर जागेच आहेत.